वस्तऱ्याचं पोट

११ मार्च २०१८, रविवार. संध्याकाळ.
आजपासून ही वही. पूर्णपणे खासगी. बायकोने, म्हणजे संगिताने, वाचू नये. वाचलीच तर वाचून झाल्यावर हसू नये.

कारण मोठं आहे. आज सासुरवाडीला गेलो होतो, तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यावर. माझा मेव्हणा संदीप, त्याचं लग्न ठरलं. सहा मे. चहा झाल्यावर सासरे देवजीबाबा पेटीतून वस्तरा काढून ओटीवर बसले. हा वस्तरा त्यांना तरुणपणी चिकूच्या वाडीच्या शेठने दिलेला. जर्मन पोलाद. पंचेचाळीस वर्षं पाड्यातल्या प्रत्येक नवरदेवाची हळदीच्या सकाळची दाढी याच वस्तऱ्याने आणि बाबांच्याच हाताने झाली. जावई म्हणून माझीसुद्धा. आता त्यांचा हात थरथरतो, वस्तऱ्याची धारही गेलीय. म्हणाले, अख्ख्या पाड्याची केली, आता माझ्या पोराचीच राहील.
आवाज बारीक झाला होता. 
मी म्हणालो, मी आहे ना. धार मी लावतो, दाढीपण मीच करतो.
सगळे एकदम गप्प. आदराने.
संदीप पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. बिचारा भावुक आहे.

१२ मार्च, सोमवार. सकाळ ६.४०.
वस्तरा जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवून तपासला. दोष दोन मिनिटांत सापडला. धार सरळ नाहीच! पोट आहे तिला. मधला भाग काचेला टेकतो, दोन्ही टोकं हवेत. चिकूची फोड पाठीवर ठेवावी तशी.
निदान: बाबांनी पंचेचाळीस वर्षं चुकीच्या पद्धतीने धार लावली. टोकं घासली, मध्य ठेवला. हे मी कोणाला सांगणार नाही, म्हातारं माणूस आहे. फक्त ऑफिसात सांगितलं.
संकल्प: १५ एप्रिलपर्यंत पोट सपाट. (वस्तऱ्याचं. माझं दिवाळीपर्यंत.)

१३ मार्च, मंगळवार.
तलासरीच्या ऑफिसातून डहाणूला घरी येताना बसमध्ये मोबाईलवर व्हिडिओ बघितला. एक गोरा माणूस, पाठीमागे लाकडी कपाट, टेबलावर असाच पोटवाला वस्तरा. म्हणे या प्रकाराला 'स्माइलिंग' म्हणतात. म्हणजे हसरा. म्हणजे बिघडलेल्या मालाला गोड नाव. आमच्या ऑफिसात पण असंच चालतं.
चौथ्या मिनिटाला बंद केला. फार बोलतो तो माणूस. मुद्दा माझ्या लक्षात आला होता.

१७ मार्च, शनिवार.
डहाणू बाजारात दगड घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, कोयत्यासाठी की विळ्यासाठी? म्हटलं, वस्तऱ्यासाठी. त्याने आतून वडिलांना हाक मारली. वडील आले, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. जाताना गुजरातीत काहीतरी म्हणाले. मला गुजराती उत्तम येतं, पण हे ऐकू आलं नाही.
जाड दगड घेतला. कोयत्याचा. मोठं काम, मोठा दगड.

१८ मार्च, रविवार. पाडवा.
मुहूर्तावर श्रीगणेशा. गॅलरीत पाट, पाटावर दगड, दगडावर पाणी. चाळीस वेळा पुढे, चाळीस वेळा मागे. आवाज फारच छान येतो. खालच्या मजल्यावरच्या बुधीबाई वर येऊन विचारून गेल्या, फरशी बसवताय का.
मग हातावरच्या केसांवर चाचणी. एकही केस कापला गेला नाही. संगिता म्हणाली, धार नाही लागली. मी तिला समजावलं की माझे केस मुळात चिवट आहेत, आमच्या घराण्यातच आहेत. ती म्हणाली, तुमच्या घराण्यात केस कोणाला आहेत?
श्रीखंड बरं होतं.

२२ मार्च, गुरुवार. सकाळ.
बारावीची परीक्षा संपल्यामुळे दक्षा, म्हणजे आमची लेक, दिवसभर घरात. कालपासून माझ्यामागे येऊन उभी राहते. आज म्हणाली, पप्पा, दगड सपाट आहे आणि धार गोल आहे, मग हात सरळ ओढून कसं चालेल? हात फिरवत न्यायला पाहिजे, म्हणजे धारेचा प्रत्येक भाग दगडाला एकदा तरी लागेल. तिने तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलाय म्हणे.
मी तिला विचारलं, दहावीला भूमितीत किती होते?
हे विचारायला नको होतं. तिला अजून आठवतात. बरेच होते.

२५ मार्च, रविवार.
स्वतःवर पहिला प्रयोग.
मधला भाग जबरदस्त चालतो. दोन्ही टोकं अजिबात चालत नाहीत. त्यामुळे दोन्ही गालांवर मधोमध एकेक पट्टा गुळगुळीत, बाजूला सगळं तसंच. शिवाय हनुवटीला एक, गळ्याला एक आणि कानाच्या पाळीला एक जखम. कानापर्यंत वस्तरा कसा पोचला, हे नोंद करून ठेवण्यासारखं आहे, पण मला माहीत नाही.
तुरटी संपली.

२६ मार्च, सोमवार.
साहेबांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, मांजर.
साहेब आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांना माहीत आहे आमच्याकडे मांजर नाही. पण मोठा माणूस. दुपारी शिपायाकडून मलमाची ट्यूब पाठवली.

२९ मार्च, गुरुवार.
चूक सापडली! दगडानंतर चामड्यावर फिरवायचं राहिलं होतं. ऑफिसचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, दुसरं टोक डाव्या हातात ताणून धरलं आणि वस्तरा सपासप. दक्षा आतून ओरडली, पप्पा, उलटा, पाठ पुढे, पाठ पुढे! मी म्हणालो, मधे बोलू नकोस, लय तुटते.
लय नाही तुटली. पट्टा तुटला. मधोमध, एका फटक्यात.
एक गोष्ट सिद्ध झाली. धार आहे.

३० मार्च, शुक्रवार.
आज सुट्टी होती हे नशीब. सगळी दुकानं फिरलो, पट्टा घेतला नाही, कारण सोमवारपर्यंत जुना शिवून मिळेल असं मोची म्हणाला.

२ एप्रिल, सोमवार.
मोच्याने शब्द पाळला नाही. दिवसभर पँट फाईलच्या लाल नाडीने बांधून होतो. वर शर्ट सोडला होता, कोणाला कळलं नसतं. पण तीन वाजता साहेबांनी नेमकी ती फाईल मागितली, आणि कागद सुटे का, असं विचारलं.
मी उभा राहून उत्तर दिलं. बसून दिलं असतं तर बरं झालं असतं.

५ एप्रिल, गुरुवार.
तलासरी नाक्यावर तुषारच्या सलूनमध्ये सहज डोकावलो. हेरगिरी. केस कापायच्या निमित्ताने धारेचा विषय काढला. तुषार निम्मं ब्लेड लावायचा वस्तरा वापरतो, काम झालं की ब्लेड फेकतो. धार लावणं त्याला माहीतच नाही. आजचे कारागीर! त्याचा आजा लावायचा म्हणे, पण आजाचा हात दगडावर असा हलायचा की जणू पाळण्याची दोरी ओढतोय. तुषारने करून दाखवलं. मनगट वळत वळत, मुठीकडून टोकाकडे.
दक्षापण असंच काहीतरी म्हणत होती. चुकीच्या समजुती किती लांबवर पसरतात बघा.
मग त्याने माझ्या गालाकडे बघून विचारलं, काका, हे कोणी केलं? म्हटलं, दुसरीकडे केली होती दाढी. तो म्हणाला, तिकडे परत जाऊ नका.

८ एप्रिल, रविवार.
वेग वाढवायला हवा. पोट अजून तसंच आहे. दगडालाच पोट यायला लागलंय, उलट्या बाजूने.
निर्णय: मशीन. अच्छाडला हायवेवर लक्ष्याचं वर्कशॉप आहे, ट्रकच्या पाट्याबिट्या घासतो. चेकपोस्टला ट्रक थांबतात तेवढ्या वेळात त्याचं काम चालतं, म्हणजे हात जलद. ग्राइंडरवर पोट दोन मिनिटांत साफ.
दक्षाला सांगितलं नाही. ती आजाकडे पाड्यावर गेलीय, लग्नाच्या तयारीला. लग्न होईपर्यंत तिथेच राहणार. बरंच झालं, शांततेत काम होईल.

१४ एप्रिल, शनिवार. दुपार.
अच्छाड. लक्ष्याने वस्तरा हातात घेऊन वळवून बघितला. म्हणाला, साहेब, ही चीज मी नाय घासत. मी म्हणालो, जबाबदारी माझी. त्याने परत नाही म्हटलं. मागे तीन ट्रकवाले उभे होते, त्यातला एक म्हणाला, लगा दे भाई, साहब बोल रहे हैं. लोकांचा पाठिंबा होता मला.
लक्ष्याने टोकाकडून सुरुवात केली. ठिणग्या! दिवाळी! तीन सेकंदांत त्याने मशीन बंद केलं. टोकाला अंगठ्याएवढा भाग निळा झाला होता. मोराच्या मानेसारखा सुंदर निळा. मी म्हणालो, वा, पॉलिशपण आलं!
लक्ष्या म्हणाला, पॉलिश नाय, तापून नरम पडलं ते. तेवढ्या भागातली जान गेली. आता तिथे धार टिकणार नाय, कधीच. पुढे घासायला त्याने साफ नकार दिला. हात धुवायला गेला तो परत आलाच नाही.
नकारात्मक माणूस आहे.

१४ एप्रिल. संध्याकाळ.
निळा भाग नखाने घासून बघितला. कोलगेट लावून बघितलं. जात नाही.
बाबांना डोळ्यांनी कमी दिसतं.

१५ एप्रिल, रविवार.
संकल्पाची तारीख. आढावा: पोट आहे. टोक निळं आहे. पण अनुभव किती आला!
आता धारेपेक्षा हातावर लक्ष. धार काय, आयत्या वेळी येते.

१८ एप्रिल, बुधवार.
सरावासाठी माणूस मिळेना. सोमवारी ऑफिसात शिपाई चैत्याला फुकट दाढी करून देऊ केली. दुसऱ्या दिवसापासून तो दाढी वाढवतोय, नवस आहे म्हणे.
मग आठवलं, नवशिके न्हावी फुग्यावर साबण लावून शिकतात. डहाणूत राहून फुग्यांना काय तोटा! इथल्या कारखान्यातून अर्ध्या देशाचे फुगे जातात. शेजारचे मामा तिथेच कामाला होते, त्यांनी मोठी पिशवी भरून दिली.

२२ एप्रिल, रविवार.
सत्तावीस फुगे. सत्तावीस फुटले. फेस छतापर्यंत.
बुधीबाई नातवंडांना घेऊन आल्या, वाढदिवस कोणाचा विचारत. मुलांना परत कसं पाठवायचं? उरलेले फुगे दिले. संगिताने लाडू दिले. एकाने मला हॅपी बर्थडे म्हटलं.
सत्ताविसावा फुगा मात्र फुटण्याआधी तीन सेकंद टिकला होता. प्रगती आहे.

२५ एप्रिल, बुधवार.
संदीपचा फोन. म्हणाला, दाजी, आजकाल नवरदेव ट्रिम केलेली दाढी ठेवतात, फोटोत बरी दिसते. मी म्हणालो, परंपरा आहे. तो म्हणाला, परंपरा कळते हो दाजी, पण मला घाबरायला होतं. मी म्हणालो, लग्नाआधी सगळ्यांना होतं.
तो मग म्हणाला, लग्नाला नाही घाबरत.

२९ एप्रिल, रविवार. पाड्यावरून परतल्यावर.
वस्तरा समारंभपूर्वक बाबांच्या हातात दिला. मखमली कापडात गुंडाळून. बाबांनी कापड उलगडलं. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून अंगठा धारेवरून आडवा फिरवत गेले. मुठीकडून सुरुवात, मध्य, मग टोक. टोकाला अंगठा थांबला. तिथेच थांबला बराच वेळ.
मी घाईघाईने सगळा अहवाल दिला. मूळ दोष, पोट, पंचेचाळीस वर्षांची सवय, सपाट करण्याची योजना.
बाबा म्हणाले, मनिषराव, ती वाकडी नाय झाली. शेठकडनं आली तेव्हापासनं तशीच हाय. अशीच घडवतात ती. गालावर फिरते म्हणून.
मी मखमली कापडाची घडी घातली. संगिताने टोमणा मारला नाही, हे जास्त वाईट.
बाबा म्हणाले, राहू दे इथंच. आणि वस्तरा उशीखाली ठेवला.
परत येताना बसमध्ये संगिताला म्हटलं, म्हणजे त्यांचा विश्वास बसला, आता दुसऱ्या कोणाच्या हातात नको म्हणून ठेवून घेतला. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, अहो, पंचेचाळीस वर्षं त्यांनी तो कधी उशीखाली नाही ठेवला.

१ मे, मंगळवार. सुट्टी.
झोप नीट लागत नाही. उकाडा.
दक्षाला फोन केला. म्हटलं, आजा काय म्हणतो? म्हणाली, काही नाही पप्पा, कामात आहे, हात ओले आहेत. मागे दगडावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. तांदूळ धूत असेल.

५ मे, शनिवार. पाड्यावर. हळद. सकाळ.
पहाटेच पोचलो. नवा पट्टा, नवा टॉवेल. मांडवात संदीप खुर्चीवर बसलेला, गळ्याभोवती चादर, चेहरा ऑपरेशनच्या आधीसारखा. सगळा पाडा जमलेला. मी वाटीत साबण घोटला. उत्तम फेस केला, सत्तावीस फुग्यांचा अनुभव. संदीपच्या दोन्ही गालांना लावला. त्याने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागला. देवाचं नाव असेल.
मी हात पुढे केला, वस्तरा द्या.
बाबा म्हणाले, मनिषराव, फेस चांगला केलात. आता थोडं बाजूला सरा. आणि घराकडे तोंड करून हाक मारली, पोरी, ये.
घरातून दक्षा आली. हातात वस्तरा.

तीच. माझी दक्षा. एप्रिलभर रोज सकाळी ती बाबांसोबत बसत होती म्हणे. आधी एका जुन्या सुरीवर, आणि रविवारपासून वस्तऱ्यावर, बाबांच्या बारीक दगडावर. बाबा सांगायचे, ती हात फिरवायची. मुठीकडून टोकाकडे, मनगट वळत वळत. कोयत्याच्या दगडाने पडलेले ओरखडे काढायलाच तीन दिवस लागले म्हणे. हे मला लहान्याने सांगितलं, संदीपच्या चुलत्याने. सगळ्यांना माहीत होतं.
पोरीने दाढी करायची, यावर मागच्या बाजूला दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. बाबांनी तिकडे नुसतं बघितलं. मग स्वतः दक्षाच्या शेजारी उभे राहिले, थरथरणारा हात तिच्या कोपराखाली ठेवून.
पहिला हात कानाजवळून हनुवटीपर्यंत. काहीच आवाज आला नाही. म्हणजे इतका बारीक की मी श्वास धरला म्हणून ऐकू आला. फेस गेला आणि मागे स्वच्छ गाल. संदीपने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि दक्षाला बघून खुर्चीत एकदम सैल झाला. सगळी दाढी होईपर्यंत एक थेंब रक्त नाही. टोक मेलेलं असल्यामुळे मिशीच्या कोपऱ्यात वस्तरा पोचेना, तिथे तिने केस तसेच ठेवून मिशी जरा भरदार राखली. लोक म्हणाले, झकास दिसतंय. ते टोक मी घालवलं होतं, हे इथे नोंदवतो. श्रेयासाठी नाही.
मी टॉवेल धरून उभा होतो.
बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. साबण गेला असेल.
नाही. साबण नव्हता गेला.

५ मे. दुपार.
मग रांगच लागली. लहान्या बसला, त्याच्यामागून पाड्यातले चार म्हातारे, मग नवरीकडून आलेला एक पाहुणा. कुजबुजणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बायजी आपल्या नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. ढोल सुरू झाला. पोरं नाचायला लागली. बाबापण नाचले, दोन्ही हात वर करून, आणि नाचताना हात थरथरतायत की ठेका धरतायत ते काही कळेना. मीही नाचलो. मला नाचायचं नव्हतं, पण संगिताने हाताला धरून ओढलं, आणि नवा पट्टा असल्यामुळे भीती नव्हती.
मधेच बाबांनी वस्तरा पुसून दक्षाच्या ओंजळीत ठेवला. म्हणाले, आता तुझा.
मी बाबांजवळ जाऊन टोकाबद्दल बोलणार होतो. वाक्य तयार केलं होतं, त्यात तापमान आणि पोलाद असे शब्द होते. तोंडातून फक्त चुकलं माझं एवढंच आलं. बाबांनी ढोलामुळे ऐकलं नाही, कान पुढे केला. मला परत म्हणावं लागलं. जोरात. नेमका तेव्हाच ढोल थांबला.

१३ मे, रविवार. डहाणू. सकाळ.
दक्षाने गॅलरीत खुर्ची मांडली. म्हणाली, पप्पा, बसा. मी तिला सूचना द्यायला सुरुवात केली, आधी कोमट पाणी, मग केसांची दिशा. तिने वस्तरा माझ्या गळ्यावर टेकवला आणि म्हणाली, आता बोलू नका.
पंधरा मिनिटं मी एक शब्द बोललो नाही.
संगिता दोनदा बाहेर येऊन बघून गेली, खुर्चीत नक्की मीच आहे ना म्हणून.